तुझ्या तासाची किंमत किती?

गेला अख्खा वीकांत मी एका ट्रकखाली उताणा पडून घालवला. नखांतलं काळं सोमवारपर्यंत गेलं नव्हतं, आणि हापिसात डेमो चालू असताना मी हात टेबलाखाली लपवून बसलो होतो. लपवले कशाला? हा प्रश्न मला मंगळवारी रात्री पडला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता हे एवढं लांबलचक खरडलं गेलं. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा. आज टाळकं जरा सरकलेलं आहे.

तर झालं असं. 'ट्रक' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर लिंबू-मिरची लटकवलेला टाटा ४०७ आला असेल तर तो आधी बाजूला करा. मी राहतो ओहायोत, कोलंबसला. इथे पुढे दोन सीटा आणि मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. माझा २००४ सालचा. व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मी घेतला तेव्हा १ लाख ६८ हजार मैल झालेले, म्हणजे पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास. साडेचार हजार डॉलर रोख मोजले. कर्ज नाही, हप्ता नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात सगळ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने सारख्या आहेत.

जानेवारीत एके सकाळी गाडीखालच्या बर्फावर लाल डाग दिसला. शेजारी नारिंगी ओल. नारिंगी म्हणजे कूलंट, लाल म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल. दोन्ही एकाच जागेवरून, रेडिएटरच्या उजव्या टाकीपासून. आता ज्यांना वाटतंय की गिअरबॉक्सच्या ऑइलचा रेडिएटरशी काय संबंध, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो ऑइल घुसळून ताकद पुढे पाठवतो, आणि घुसळलं की गरम होणारच. म्हणून ते ऑइल दोन लोखंडी नळ्यांमधून रेडिएटरकडे येतं. रेडिएटरच्या टाकीच्या पोटात एक छोटा कूलर असतो, त्यात गार होतं आणि परत जातं. बाहेरून कूलंट, आतून ऑइल, मध्ये फक्त धातूची एक पातळ भिंत. या नळ्या रेडिएटरला जिथे जोडलेल्या असतात त्या जोडांना इथे कूलर लाइन फिटिंग म्हणतात. हिवाळ्यात ओहायोचे रस्ते मिठाने माखलेले असतात, त्या मिठाने ही फिटिंग गंजतात. माझं खालचं फिटिंग गंजलं होतं आणि रेडिएटरची प्लास्टिकची टाकी सांध्यावर तडकली होती.

गॅरेजला नेली. वीस मिनिटांत कागद हातात आला. रेडिएटर, दोन्ही नळ्या, फिटिंग, कूलंट फ्लश, ट्रान्समिशन फ्लश, मजुरी: १,४८० डॉलर. वर तोंडी सल्ला असा की कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलं असेल तर गिअरबॉक्सच बदलावा लागेल, त्याचे तीन-साडेतीन हजार वेगळे, त्यापेक्षा भंगारात काढ. सल्ला देणारा माणूस हसतमुख होता. पण 'गेलं असेल तर' हे त्याने तपासलं मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हापिसात जेवताना मी म्हणालो की मीच बदलतोय रेडिएटर. आमच्या टेबलावर सहा जण, पैकी चार मराठी. आणि चौघांनीही, जणू शाळेत घोकल्यासारखं, एकच वाक्य ऐकवलं: "अरे, तुझ्या तासाची किंमत किती?"

या वाक्यावर मला आज बोलायचंय.

वरकरणी वाक्य फार शहाणं वाटतं. तू तासाला अमुक डॉलर कमावतोस. गाडीवर दहा तास घालवलेस तर तितके डॉलर घालवलेस. त्यापेक्षा ज्याचं काम त्याने करावं, आपण आपलं करावं. अर्थशास्त्राच्या पुस्तकातून उचलल्यासारखं. अडचण एकच आहे. हा हिशोब सांगणाऱ्यांपैकी एकानेही शनिवारचा एक तास आजवर कुणाला विकलेला नाही. आम्ही पगारी माणसं. शनिवारी मी पाच तास जास्त कोड लिहिला तर मला एक सेंटसुद्धा जास्त मिळत नाही, उलट सोमवारी आणखी कामं गळ्यात पडतात. शनिवारी त्या तासाचं गिऱ्हाईक कोण? मालिकांचे भाग आणि फोन. म्हणजे तुलना पगाराशी नाहीच, तुलना सोफ्याशी आहे. सोफ्याला तासाला साठ डॉलरचा भाव कुणी लावला बुवा?

तरी चला, त्यांच्याच पाटीवर गणित मांडू. खर्च झाला तो असा: नवा रेडिएटर १६५ डॉलर, क्लिपांसकट दोन फिटिंग २४, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ३८, गिअरबॉक्सचं ऑइल २८, नव्हती ती हत्यारं ४५. एकूण ३००. गॅरेजचे १,४८० वजा ३०० म्हणजे वाचले १,१८०. वेळ गेला ११ तास, त्यात दोन तास निव्वळ माझ्या मूर्खपणाचे (ते पुढे येईलच). म्हणजे तासाला १०७ डॉलर सुटले, आणि त्यावर कर नाही. चौघांपैकी एकाचाही पगार तासाला इतका पडत नाही. माझाही नाही. तेव्हा हिशोबाच्या गोष्टी करणाऱ्यांनी निदान हिशोब तरी नीट करावा!

पण खरं सांगू? हा हिशोब उलटा आला असता तरी मला जे म्हणायचंय ते बदललं नसतं. कारण ते वाक्य पैशाबद्दल नाहीच. पैशाचं सोंग घेतलेलं ते एक जुनं, आपलं घरचं वाक्य आहे: हात काळे करणं हे आपलं काम नव्हे.

इथे मला माझा मामा आठवला. आठवला कसला, मी त्याला फोनच लावला. माझा मामा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, आता निवृत्त. लहानपणी घरात त्याच्याबद्दल जे बोललं जायचं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दिवाळीला मामा आला की आजी त्याला कौतुकाने वाढायची, आणि तो गेला की माझ्या वडिलांकडची मंडळी म्हणायची, "अभ्यास कर, नाहीतर मामासारखा पाना घेऊन फिरशील." मी अभ्यास केला. मेकॅनिकल इंजिनिअर झालो आणि एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलो. म्हणजे घरच्यांचा नवस पुरा फेडला. पाना हातात धरायची वेळच येऊ दिली नाही :-)

आणि कॉलेजात तरी काय शिकलो? २०१५ साली, पहिल्या वर्षाला वर्कशॉपचा विषय होता. त्यात फिटिंगचा एक जॉब असतो, हे ज्यांनी केलंय त्यांना आठवेल. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून असे बनवायचे की एकाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात अगदी चपखल बसली पाहिजे. उजेडात धरल्यावर फट दिसता कामा नये. मी दोन तास घासलं, तळहाताला फोड आले. मग वर्गातल्या निम्म्या पोरांनी केलं तेच केलं: तयार जॉब विकत आणला. त्यावर नंबर ठोकला, जर्नल मित्राचं उतरवलं, सबमिशन झालं. दहापैकी आठ मार्क. इंजिनिअरिंगच्या डिग्रीतला, खऱ्या लोखंडाला हात लावायचा जो काय एक जॉब होता, तोच मी विकत घेतला. 'तासाची किंमत' तेव्हाच कळली होती म्हणायची.

त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मामाला बॉनेटखालचा प्रकार दाखवताना माझी अवस्था तोंडी परीक्षेतल्या पोरासारखी झाली होती. मामाने आयुष्य साध्या गिअरच्या बसवर काढलेलं. त्याचा पहिला प्रश्न, "गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरात कशाला आणलंय रे?" मी वर लिहिलं तसं समजावलं. मामा पाच सेकंद गप्प. मग म्हणाला, "म्हणजे दोन घरं आणि मधे एकच भिंत. भिंत फुटली तर दोन्ही घरं गेली. पट्टी बघितलीस का?"

पट्टी म्हणजे डिपस्टिक. बघितली नव्हती. गॅरेजवाल्याने तीन हजार डॉलरची भीती घातली, चार इंजिनिअरांनी गाडी विकायचा सल्ला दिला, आणि एकालाही सुचलं नाही की पट्टी ओढून ऑइलचा रंग बघावा. कूलंट मिसळलं की ऑइल दुधाळ गुलाबी होतं, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं. कूलंटमधलं ग्लायकॉल मग गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या पट्ट्यांवरचं अस्तर सोडवतं आणि गिअरबॉक्स खरंच जातो. मी पट्टी ओढली, कागदावर थेंब टाकला. स्वच्छ, पारदर्शक लाल. भिंत शाबूत होती. मामा म्हणाला, "झालं तर मग. बाहेरचीच गळती आहे. कर तू. पण सावकाश."

तीन हजार डॉलरच्या प्रश्नाचं उत्तर एका टिश्यू पेपरवर मिळालं. अज्ञानावर कर असतो, मंडळी, आणि तो भरताना आपण त्याला 'वेळेची किंमत' असं गोंडस नाव देतो.

आता कामाविषयी. सगळं सांगत बसत नाही, कुणाला करायचंच असेल तर वाट दिसावी इतकंच. घरमालक खालच्या मजल्यावर राहतात, निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्यांनी गॅरेज दिलं आणि एक हीटर लावून दिला. गाडी पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडायचं, हे पहिलं. रेडिएटरच्या झाकणाने आतला दाब साधारण १५ पीएसआयने वाढवलेला असतो, त्यामुळे पाणी-कूलंटचं निम्मं-निम्मं मिश्रण सव्वाशे अंशांच्याही वर उकळतं. गरम असताना झाकण काढलं की दाब पडतो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. कूलंट खाली परातीत काढायचं, जमिनीवर नाही. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी. मग वरचा-खालचा होज पाईप, पंख्याचं प्लास्टिकचं आवरण, आणि मग त्या दोन नळ्या.

खरी मजा तिथे. या नळ्यांना आट्यांचा नट नसतो. त्यांना क्विक कनेक्ट म्हणतात. रेडिएटरमध्ये आट्यांनी बसवलेलं एक फिटिंग असतं, त्याला बाजूने खाचा, त्या खाचांत सी आकाराची तारेची एक क्लिप. नळीच्या टोकाजवळ एक उंचवटा असतो. नळी आत दाबली की क्लिप फाकते, उंचवटा पलीकडे जातो, क्लिप पुन्हा मिटते. टक् असा आवाज येतो, नळी अडकली. कारखान्यात एका सेकंदाचं काम. सोडवताना मात्र क्लिपचं एक टोक हुकाने ओढून ती गोल फिरवत बाहेर काढायची. वरची निघाली आणि उडून थेट फ्रीजखाली गेली. खालची क्लिप मिठाने गंजून फिटिंगशी एकजीव झालेली. हुक लावला, तुकडा पडला. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं. रविवारी सकाळी एका पान्याने नळी धरून दुसऱ्याने अख्खं फिटिंगच रेडिएटरमधून सोडवलं (नळीला आधार न देता जोर लावला तर ती पिळवटते, ही मामाची सूचना), मग उरलेले तुकडे काढून नळी मोकळी केली. सुदैवाने नळीचं टोक फिटिंगच्या आत असल्याने चकचकीत राहिलं होतं. तिथे गंजाचे खड्डे असते तर ओ-रिंगने पकड घेतली नसती आणि नळीच बदलावी लागली असती.

नवा रेडिएटर बसला. नवी फिटिंग आधी हाताने फिरवून, आटे सरळ लागलेत याची खात्री करून, मग पान्याने आवळली. क्लिपा बसवल्या, नळ्या दाबल्या, टक् टक्. कूलंट भरलं, गाडी चालू केली. दोन मिनिटांत खालच्या जोडातून लाल धार! धावत जाऊन इंजिन बंद केलं, तोवर अर्धा लिटर ऑइल पुठ्ठ्यावर. मामाला फोन. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा. त्याने कॅमेरा जवळ न्यायला सांगितला आणि विचारलं, "ही काळी टोपी कसली?"

प्रत्येक नळीवर प्लास्टिकची एक छोटी टोपी सरकवलेली असते, ती शेवटी फिटिंगवर दाबून बसवायची. मी तिला धूळ अडवायचं झाकण समजत होतो.

"वरची टोपी चिकटून बसलीये. खालची बसलेली नाही. का?"

का, ते तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नळी पूर्ण आत गेली असेल तरच ती टोपी फिटिंगला टेकते. थोडी जरी बाहेर राहिली तर टोपी टेकतच नाही. ती टोपी म्हणजे तपासनीस आहे! खालची क्लिप मी पकडीने सरळ आत दाबली होती, त्यात ती फाकली. टक् आवाज आला तो खोटा. नवी क्लिप घेतली, एक टोक खाचेत अडकवून बोटाने गोल फिरवत बसवली, नळी दाबली, ओढून पाहिली, टोपी दाबली. टेकली. गाडी चालू केली, हीटर पूर्ण लावून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आतली हवा जाऊ दिली, दोन्ही पातळ्या भरल्या. वीस मैल फिरून आलो. पुठ्ठा कोरडा.

त्या टोपीचा विचार मी आठवडाभर करतोय. कुठल्या तरी अनामिक इंजिनिअरने विचार केला की जोडणारा माणूस थकलेला असेल, आवाज ऐकू येणार नाही, म्हणून डोळ्याला दिसेल अशी खूण ठेवू. काही पैशांचं प्लास्टिक. माझ्या कोडमध्ये अशा किती टोप्या आहेत? आम्ही 'टक्' आवाज आला की रिलीज करून मोकळे होतो. मी दहा वर्षांत एवढं चांगलं डिझाइन एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं, आणि गाडी गॅरेजला दिली असती तर आयुष्यभर पाहिलं नसतं.

म्हणून सांगतो, मी 'जुनं ते सोनं'वाला नाही. मामाच्या काळातले तांब्या-पितळेचे रेडिएटर टाकी काढून, आतून साफ करून, पुन्हा झाळून वापरता यायचे. आताचे ॲल्युमिनियमचे, त्यावर नायलॉनची टाकी रबरी गॅस्केट ठेवून दुमडून पकडलेली. गरम कूलंटमध्ये वर्षानुवर्षं राहून नायलॉन ठिसूळ होतं, आणि तडकलं की तो रेडिएटर सहसा कुणी दुरुस्त करत नाही, फेकतात. पण तो हलका असतो, स्वस्त असतो, आणि माझ्या गाडीत जवळजवळ वीस वर्षं चालला. तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती नव्या गाड्यांतून ती पट्टीच काढून टाकण्याबद्दल. हल्लीच्या कित्येक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते. 'लाइफटाइम फ्लुइड आहे, बघायची गरज नाही.' लाइफटाइम कुणाचा? गिअरबॉक्सचा. म्हणजे गिअरबॉक्स मेला की ऑइलचंही आयुष्य संपलं, शब्द पाळला! माझ्या टिश्यू पेपरवरचं उत्तर नव्या गाडीच्या मालकाला मिळणार नाही. त्याला हसतमुख माणसावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि हे असं होणारच, कारण आपण मागतच नाही. ज्यांनी मागितलं त्यांना मिळालं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ठरवलं की केवळ बाहेरचा पार्ट वापरला किंवा बाहेर दुरुस्ती केली म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येणार नाही. २०१२ साली मॅसॅच्युसेट्सने गाड्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, २०२० ला तिथल्या मतदारांनी तो गाडीतून वायरलेस जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवला. भारतात २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. हे सगळं कुणामुळे? ज्यांचे हात काळे होतात त्यांच्यामुळे. ज्याने आयुष्यात बॉनेट उघडलं नाही, त्याला बॉनेटला कुलूप लागलं हे कळणार कधी?

आता आपल्या घरच्या दुखण्याकडे परत येतो. लेखणी वर आणि हात खाली, ही उतरंड आपण अमेरिकेतून आणलेली नाही, अमेरिकेत घेऊन आलोय. कुणी काय काम करायचं आणि त्या कामावरून कुणाला किती मान द्यायचा, हे जन्मावरून ठरवणारा आपला समाज. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षणाची 'नई तालीम' मांडली, आपण ती खादीच्या दुकानाशेजारी ठेवून दिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे गृहस्थ, पण बेळगावात सायकलचं दुकान चालवलं, १९०३ साली लोखंडी नांगर काढला. मराठी माणूस उद्योजक म्हणून त्यांचं नाव भाषणात घेतो, आणि पोरगं सायकल उघडून बसलं की 'हात धू आणि अभ्यासाला बस' म्हणतो. डिग्री ही आपल्याकडे बऱ्याचदा ज्ञानाची पावती नसते, आपले हात आता कायमचे स्वच्छ राहणार याची पावती असते.

म्हणून मी सोमवारी हात लपवले. एकोणतीस वर्षांचा घोडा, अमेरिकेत नोकरी, आणि नखात ऑइल आहे याची लाज वाटली. कुणाची लाज? मामाची. हे कबूल करायला मला मंगळवार रात्र उजाडावी लागली.

काही जण म्हणतील, प्रत्येकाने काय आता स्वतःची दाढ पण स्वतःच काढायची का? नाही हो. दोन लहान मुलं असलेल्या, गॅरेज नसलेल्या, पाठ धरलेल्या माणसाने गाडी मेकॅनिकला द्यावी, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. बरेच अपार्टमेंटवाले तर पार्किंगमध्ये गाडी उघडूच देत नाहीत. ब्रेक किंवा एअरबॅग नवख्याने शिकायला घ्यायच्या गोष्टी नव्हेत. आणि अकरा तासांत केलेल्या कामाने मी मेकॅनिक झालो नाही, हे त्या अर्ध्या लिटर ऑइलने चांगलंच शिकवलंय. उलट, ज्याने एकदा स्वतः क्लिप चुकवली तो मेकॅनिकच्या मजुरीवर नाक मुरडत नाही. माझा राग काम दुसऱ्याला देण्यावर नाही. ते काम आपल्या लायकीचं नाही असं समजून देण्यावर आहे.

आणि एक शेवटचं, जेवणाच्या टेबलावरच्या त्या चौघांसाठी. ज्या तासाची किंमत तुम्ही मला विचारताय ती ठरवतंय कोण? आपण नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत कोड लिहून देणारी यंत्रं आली आणि आपल्याच मजल्यावरच्या किती खुर्च्या रिकाम्या झाल्या ते मोजा. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की हातात साठ दिवस असतात. त्या दिवशी तासाची किंमत शून्य. पण घेतलेल्या नव्या गाडीचा हप्ता शून्य होत नाही. माझा ट्रक माझा आहे, त्याची प्रत्येक गळती मला माहीत आहे, आणि तो पुढची काही वर्षं चालवायला काय लागतं हेही. याची किंमत तुमच्या पाटीवर कुठे लिहायची ते मला सांगा.

असो. फार झालं. काल रात्री मामाला कोरड्या पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "टोप्या परत एकदा बघ. पाचशे मैलांनी." शाबासकी वगैरे काही नाही. वर्कशॉपवाल्यांची पद्धत असते ती. पण मामीने आज सकाळी सांगितलं की तो फोटो त्याने दापोडीच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलाय. खाली लिहिलंय: "भाचा. इंजिनिअर आहे."

हा शब्द मला पहिल्यांदा कमावल्यासारखा वाटला.

ता.क.: जुनं ऑइल बाटलीत भरून पार्ट्सच्या दुकानात दिलं, इथे बरीच दुकानं फुकट घेतात. फ्रीजखालची क्लिप अजून सापडलेली नाही. घरमालकांना सांगू नका.